साडेबारा इंचांची कट्यार

हळदीनं पिवळाधम्मक झालेला एक माणूस मोटारसायकलवरून सुसाट येताना दिसला, तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग मी शिट्टी वाजवली.

"थांबा! गाडी बाजूला घ्या!"

नोव्हेंबर संपत आलेला, सकाळचे साडेनऊ वाजलेले. नगरपरिषदेच्या निवडणुका तोंडावर आलेल्या, म्हणून उरणकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मिठागरांच्या नाक्याला आमची नाकाबंदी लागली होती. आमची म्हणजे दोघांची. एक मी, प्राप्ती, पोलिसात भरती होऊन आठ महिने झालेली, अजून प्रोबेशनवर असलेली. दुसरे रामचंद्र हवालदार, म्हणजे स्टेशनातल्या सगळ्यांचे काका, निवृत्तीला दीड वर्ष उरलेले. काका टपरीच्या बाकड्यावर बसून चहा फुंकत होते. अडवायचं, तपासायचं आणि वाद घालायचा, ही कामं माझ्याकडे. वाद घालायला मला मनापासून आवडतं, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

त्यानं गाडी थांबवली. नवा कोरा कुर्ता, कानापासून मानेपर्यंत हळद, आणि कपाळावर घाम. दिसायला... असो. मी ड्यूटीवर होते.

"नाव?"

"निकेत. मॅडम, जरा लवकर सोडा हो, मुहूर्त आहे."

"तुमचं लग्न?"

"छे छे, भावाचं! ऋत्विकचं. माझं अजून कुठेच काही नाही." आणि वर हसला. कोणी विचारलं होतं?

"कुर्त्याखाली काय फुगलंय? काढा बाहेर. सावकाश."

त्याचं हसू जरा आटलं. त्यानं टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्यापुढे धरलं. टॉवेलातून एक लिंबू डोकावत होतं.

"हे काय आहे?"

"लिंबू."

"आणि लिंबाच्या मागे?"

"...कट्यार."

मी टॉवेल उलगडला. पितळी मुठीची, काळपट पात्याची चांगली दणकट कट्यार, आणि तिच्या टोकाला लिंबू खोचलेलं! बाकड्यावरून काका उठून आले, बघितलं आणि लगेच म्हणाले, "जाऊ दे गो पोरी. नवऱ्याची कट्यार हाय ती."

"काका, हत्यार आहे ते."

"आगरी लग्न हाय. हळद लागली की नवऱ्याच्या हातान लोखंड लागतंय."

"तेच सांगतोय मी," निकेत घाईघाईनं म्हणाला. "आमच्या अख्ख्या भावकीत ही एकच कट्यार आहे, मॅडम. ज्याच्या घरी लग्न, त्याच्या घरी ती जाते. गेल्या आठवड्यात चुलतभावाचं लग्न झालं, कट्यार त्याच्याकडे राहिली. आम्हाला वाटलं ते आणून देतील, त्यांना वाटलं आम्ही घेऊन गेलो! काल हळदीला बघतो तर कट्यारच नाही. आता धवलारीण अडून बसलीय. वेणूबाई म्हणतात, कट्यार आल्याशिवाय नवरा पाटावरून उठणार नाही."

धवलारीण म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात गाणी म्हणून सगळे विधी करणारी बाई. तिच्या शब्दापुढे भटजीचंही काही चालत नाही, हे मला इकडे आल्यावर कळलं होतं.

"मग आत्ता नवऱ्याच्या हातात काय आहे?"

त्यानं मान खाली घातली. "स्क्रू ड्रायव्हर."

काका टपरीकडे तोंड करून खोकू लागले. मलाही हसू फुटत होतं, पण वर्दीत हसायची चोरी.

"आणि ही कट्यार नेमकी कोणापासून संरक्षण करते?"

"वाईट नजरेपासून. भुताखेतांपासून."

"भुतानं त्रास दिला तर ११२ ला फोन करायचा."

"ते सांगेन मी भुताला," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "पण वेणूबाईंना कोण सांगणार?"

झालं! इथेच माझं डोकं फिरलं. एक तर पोरगा तोंडाचा तिखट, त्यात आठवडाभर साहेब बजावत होते, शस्त्र दिसलं की सोडायचं नाही, कोणाचा कोण आहे ते बघायचं नाही. मी पॅडला लावलेली फुटपट्टी काढली. कायदा सांगतो, नऊ इंचांहून लांब पातं परवान्याशिवाय घेऊन फिरायचं नाही. मी पट्टी लावली. पट्टी संपली तरी कट्यार संपेना.

"साडेबारा इंच!" मी विजयी स्वरात म्हणाले.

मग पंचनामा झाला. टपरीवाला आणि एक दूधवाला पंच झाले, कट्यार पिशवीत घालून वर लाखेचं सील लागलं. 'पात्याची लांबी साडेबारा इंच' असं फिर्यादीत मी माझ्या हातानं, चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं. निकेतच्या हातात नोटीस दिली. दर सोमवारी पोलीस स्टेशनला हजेरी.

त्यानं निमूटपणे सही केली. मग हळूच म्हणाला, "मॅडम, तुमचं बरोबरच असेल. पण आता मी घरी काय नेऊ? मुहूर्ताला चाळीस मिनिटं आहेत."

एवढं बोलून त्यानं माझ्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्या बघण्यात, खरीखुरी काळजी होती. आणि मी... मी पर्समध्ये हात घातला.

मी दिवेआगरची. आमची सुपारीची वाडी. म्हणजे होती, दोन हजार वीसच्या वादळात निम्म्याहून जास्त झाडं एका दुपारी आडवी झाली. नवी लावली, पण पोफळ काही दोन दिवसांत धरत नाही, म्हणून मी भरतीचा फॉर्म भरला. निघताना बाबांनी अडकित्ता दिला होता. "परमुलखात एकटी राहणार, पर्समध्ये असू दे. लोखंड आहे," म्हणाले होते. तोच मी निकेतच्या हातावर ठेवला.

"हा घ्या. लोखंडच आहे. पातं दोन इंच."

त्यानं अडकित्ता उघडून, मिटून पाहिला. "आणि हे हत्यार नाही?"

"हे सुपारी कातरायचं साधन आहे. कोणावर उगारलंत तर हत्यार."

"मी कट्यारही कुठे कोणावर उगारली होती?"

"तुम्हाला लग्नाला जायचंय की वाद घालायचाय?"

"खरं सांगू? आत्ता जरा दुविधेतच आहे," तो म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला. पिवळा ठिपका मिठागरांच्या कडेनं लहान लहान होत गेला. मी उगाचच बघत राहिले.

"परत आणून द्या म्हणून सांगितलंस का गो?" काकांनी विचारलं.

सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो न सांगताच पोलीस स्टेशनला आला. हातात अडकित्ता आणि बुंदीच्या लाडवांचा पुडा.

"वेणूबाईंनी विचारलं, हा कोणाचा? म्हटलं, पोलीसबाईंचा. मग त्यांनी तो ऋत्विकच्या हातात दिला आणि गाण्यात तुम्हाला घातलं."

"मला? काय म्हणाल्या?"

"नवऱ्याच्या वाटेत वाघीण आडवी आली, नखं ठेवून गेली, असं काहीतरी." त्यानं पुडा पुढे केला. "लाडू घ्या."

"आरोपीकडून काही घेता येत नाही."

"मग मी इथे टेबलावर विसरून जातो."

"विसरलेली वस्तू आम्ही जमा करतो. पंचनामा करून."

तो इतका मोकळा हसला की ठाणे अंमलदारांनी वर मान करून पाहिलं. लाडू तो परत घेऊन गेला. पुडा बांधताना कागदावर एक बुंदी पडली होती, ती मी खाल्ली. हे आजपर्यंत मी कोणाला सांगितलेलं नाही.

सोमवारी तो हजेरीला यायचा. न्हावा शेव्याच्या एका कंटेनर यार्डात तो मोठी उचल-गाडी चालवायचा, डब्यावर डबा चढवणारी. पाच मजली उंचीवर डबा ठेवताना खालून तो कसा काडेपेटीएवढा दिसतो, ते सांगायचा. मी रजिस्टर पुढे सरकवायची आणि ऐकत नसल्यासारखं दाखवायची. मग तो गुरुवारीही येऊ लागला.

"आज गुरुवार आहे," मी म्हणायची.

"हो का? मला वाटलं सोमवार."

"सलग तीन आठवडे?"

"नाइट शिफ्ट केली की वारांचा घोळ होतो हो, मॅडम."

डिसेंबरच्या अखेरीस साहेबांनी मला एका शाळेत पाठवलं, मुलींना स्वसंरक्षण शिकवायला. निकेतच्याच गावची शाळा. देवाशपथ सांगते, मी मागून घेतली नव्हती. मुख्याध्यापिका सुचिता मॅडम मोठ्या उत्साही. त्यांनी आठवी ते दहावीच्या सगळ्या मुली मैदानात बसवल्या. मी एकेक वस्तू दाखवू लागले. मुठीत धरलेली चावी, पाण्याची भरलेली बाटली, छत्री, ओढणी, दप्तर. घरातून निघताना काही वेगळं घ्यायला नको, रोजचं सामानच वेळेला कामाला येतं.

पहिल्याच रांगेतली अनम नावाची चुणचुणीत मुलगी उठली. "मॅडम, कंपासपेटीतलं कर्कटक चालेल?"

"जिवावर बेतलं तर काहीही चालेल."

"पण त्याला लागलं तर आमच्यावरच केस होईल ना? अम्मी तेच म्हणते, गप मान खाली घालून घरी ये."

"अम्मीला माझा निरोप सांग," मी म्हणाले. "स्वतःला वाचवायला, दुसऱ्या कोणाला वाचवायला हात उचलायचा हक्क कायद्यानं दिलेला आहे. आधी मार खायचा आणि मग द्यायचा, असं काही नाही. धोका खरा वाटावा असं कारण हवं, बस्स. मात्र जेवढी गरज तेवढंच. तो पळाला, धोका टळला, तरी तुम्ही मागे धावून मारत राहिलात, तर ते संरक्षण नव्हे, तो सूड झाला."

आता मनगट सोडवून दाखवायचं होतं. सुचिता मॅडम म्हणाल्या, हल्लेखोर पाहिजे ना? खेळाचे सर तर रजेवर आहेत. तेवढ्यात फाटकातून एक टेम्पो आत आला. लग्नाला नेलेल्या शाळेच्या सतरंज्या परत करायला कोण यावं?

"अहो निकेत! बरं झालं आलात. जरा हल्ला करा," सुचिता मॅडम म्हणाल्या.

तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "कसा करू?"

"माझं मनगट धरा. घट्ट."

त्यानं धरलं. घट्ट कुठलं... पाखराचं पिल्लू धरावं तसं धरलं. मुली खुसखुसायला लागल्या. माझे कान तापले.

"घट्ट म्हटलं ना!"

मग त्यानं खरंच धरलं, आणि मी अंगठ्याच्या बाजूनं हिसडा देऊन, वळून, त्याचाच हात त्याच्या पाठीमागे नेऊन दाबला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मुलींना समजावत राहिले, कोपर कुठे, पाय कुठे, वजन कुठे.

"मॅडम, एक शंका," पाठमोरा निकेत म्हणाला.

"विचारा."

"माझ्यापासूनचा धोका टळलाय का?"

"म्हणजे?"

"नाही, तुम्ही अजून हात धरून ठेवलाय, म्हणून विचारलं. माझी काही हरकत नाही."

सगळं मैदान हसायला लागलं. सुचिता मॅडमसुद्धा. मी हात सोडला, आणि सोडला तेव्हा नको वाटलं. अगदी स्पष्ट नको वाटलं. त्या दिवशी मला कळून चुकलं की आपलं काही खरं नाही.

जानेवारीतल्या एका सोमवारी तो आला, तो न हसता. सही केली आणि विचारलं, "मॅडम, अशी केस कोर्टात किती दिवस चालते?"

"वर्ष... दोन वर्षं. का?"

"बंदराचा पास महिनाअखेरीला संपतो. नवा पास काढायला पोलिसांचा दाखला लागतो. त्यावर आलंय, गुन्हा प्रलंबित." त्यानं पेनाला टोपण लावून ते जागेवर ठेवलं. "पास नाही तर यार्डात पाऊल टाकता येत नाही. सुपरवायझर म्हणाले, एकतीसपर्यंत बघतो, मग दुसरा माणूस घेतो."

सहा वर्षं तो ती गाडी चालवत होता. डबे कसे ठेवायचे ते सांगताना त्याचे हात आपोआप हलायचे.

"तुम्ही रागावला नाहीत माझ्यावर?"

"तुम्ही तुमचं काम केलंत. मी कशाला रागवू?"

"रागवायला पाहिजे होतं!" मी एकदम चिडून म्हणाले. त्यानं चिडायचं, तर मीच चिडत होते. तो कसनुसं हसला आणि गेला. माझ्याकडे काहीही मागितलं नाही त्यानं. मागितलं असतं तर निदान नियम सांगून भांडता तरी आलं असतं.

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका शाळेत माझा वर्ग होता. तेच चावी, बाटली, ओढणी. नऊ इंचांचा नियम सांगितला. मागून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ते नऊ इंच मुठीसकट की मुठीशिवाय?"

"मुठीशिवाय," मी फटकन म्हणाले. "फक्त पातं मोजायचं. मूठ काय कापते का..."

आणि बोलता बोलता माझी वाचाच बसली.

नाक्यावर मी कट्यार या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजली होती. पितळी मुठीसकट. आणि लिहिलं होतं, पात्याची लांबी साडेबारा. नियम मला पाठ होता! पण त्या दिवशी मला जिंकायचं होतं ना, एका हळद लागलेल्या आगाऊ पोराशी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी दार लोटून घेतलं. "किती भरंल पातं?"

"नऊच्या आत असेल असं वाटतंय. सील लागलंय, साहेबांच्या परवानगीशिवाय उघडता येणार नाही."

"मंग गप बस. प्रोबेशन हाय तुझं. खोटी लांबी लिवली म्हणून बसलं कागदावर, तर नोकरी जायची. कोर्टात त्याचा वकील मोजून घेईल, सुटेल पोरगा."

"दोन वर्षांनी, काका. त्याचं काम एकतीसला जातंय."

"आन तुझं? वाडी पडलीय ना बापाची?"

घरी बाबा रोज संध्याकाळी नव्या रोपांना पाणी घालत होते, माझ्या पगारावर सगळं चाललं होतं. आणि इकडे माझ्याच अक्षरातली एक ओळ एका निर्दोष माणसाच्या पोटावर आली होती. त्यात तो माणूस निकेत. लोक काय म्हणणार? पोरगा आवडला म्हणून पोरीनं केस फिरवली. त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून इतकी रडले की सकाळी डोळे उघडेनात.

गुरुवारी तो आला. मी त्याला आतही येऊ दिलं नाही.

"यापुढे फक्त सोमवारी यायचं. सही करायची आणि जायचं. बोलायचं नाही."

त्याचा चेहरा पडला. "माझं काही चुकलं का?"

"नाही."

"मग?"

"सांगता येत नाही. जा तुम्ही."

तो गेला. पायरी उतरताना एकदा थांबला, वळेल असं वाटलं, पण वळला नाही. मी आत येऊन कोरा कागद घेतला. तो असा येत-जात असताना फेरमोजणीचा अर्ज लिहिला असता, तर त्याच्याही नावाला बट्टा लागला असता. ते मला नको होतं.

अर्ज साधाच होता. 'मोजमाप करताना माझ्याकडून चूक झाली. मुठीसह लांबी पात्याची म्हणून नोंदवली गेली. पंचांसमक्ष फेरमोजणी व्हावी.' खाली सही.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "समजतं का, काय लिहून देतेस ते?"

"हो, साहेब."

"या मुलाची आणि तुझी ओळख आहे म्हणे."

"आहे, साहेब. म्हणून मोजणी मी करणार नाही. तुम्ही करा."

मग सील फोडायची परवानगी घेतली गेली, पंच बोलावले गेले, आणि पात्याला टेप लागला. मी खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून. काकांनी आकडा मोठ्यानं वाचला. पावणेनऊ इंच.

गुन्हा चुकीनं नोंदला गेल्याचा अहवाल कोर्टात गेला. साहेबांनी यार्डाला पत्रही धाडलं. पास सुटायला फेब्रुवारीचा दुसरा आठवडा उजाडला, तोवर यार्डवाल्यांनी त्याची जागा कशीबशी धरून ठेवली, हे मला काकांकडून कळलं. मला काय मिळालं? नोंदीत ठपका आणि प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलेलं. नोकरी वाचली. बाबांना फोन करून सगळं सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "झाड पडलं तरी मूळ शाबूत आहे ना, मग झालं." स्टेशनात मात्र कुजबुज व्हायची ती झालीच. मी मान वर ठेवून कामं उरकत राहिले, आणि मनातून रोज थोडी थोडी खचत राहिले. कारण हजेरी बंद झाली होती. निकेत यायचं आता काही कारणच उरलं नव्हतं.

कोर्टाचा आदेश घेऊन तो कट्यार न्यायला आला, तो थेट मार्चमध्ये. सकाळचे अकरा. मुद्देमाल काकांनी काढून दिला, पावतीवर सही मी घेतली.

"इथे," मी म्हणाले.

"इथे?" तो म्हणाला.

"हो."

बस्स, एवढंच! दीड महिन्यानंतर आमचं बोलणं काय, तर 'इथे'. तो गेला, आणि मी रजिस्टरमध्ये डोकं घालून बसले. काका दोनदा चहा ठेवून गेले, दोन्ही वेळा निवला.

पाच वाजता माझी ड्यूटी संपली. वर्दी बदलून, साधा निळा ड्रेस घालून, केस मोकळे सोडून मी बाहेर पडले. आणि फाटकासमोर, उंडीच्या झाडाखालच्या कट्ट्यावर, कट्यारीची पिशवी मांडीवर घेऊन निकेत बसला होता. सकाळपासून! तो माझ्याकडे बघत होता आणि बघतही नव्हता. त्याची नजर माझ्या खांद्यावरून दाराकडे. खाकी वर्दी कधी बाहेर येते, याची वाट बघत होता बिचारा.

"निकेत."

तो दचकून उठला. पिशवी पडता पडता वाचली. "तुम्ही...? मी ओळखलंच नाही."

"कळलं ते."

"वर्दीशिवाय कधी..." तो थांबला. नीट बघितलं माझ्याकडे. मग एकदम गंभीर झाला. "सहा महिने वाढले म्हणे तुमचे. काका सांगत होते. माझ्यापायी झालं हे."

"तुमच्यापायी नाही," मी ताठ उभी राहून म्हणाले. हे वाक्य मी दीड महिना मनात घोटून ठेवलं होतं. "चूक माझी होती, म्हणून लिहून दिलं. तुमच्या जागी दुसरा कोणीही असता, अगदी मला न आवडणारा असता, तरी मी तो अर्ज लिहिला असता. त्याचा भलता अर्थ लावू नका."

"माहीत आहे," तो शांतपणे म्हणाला. "म्हणून तर अकरापासून बसलोय. माझ्यासाठी लिहिला असतात, तर आभार मानून निघून गेलो असतो."

वादात मला कधी शब्द कमी पडत नाहीत, पण आता एकही सापडेना. वाऱ्यावर खाडीचा खारट वास येत होता. माझे डोळे भरून आले.

"अहो... काय झालं? मी काही चुकीचं बोललो का?"

"अर्ज दुसऱ्या कोणासाठीही लिहिला असता," मी कसंबसं म्हणाले. "पण रात्रभर रडले, ती मात्र दुसऱ्या कोणासाठी रडले नसते."

तो दोन पावलं पुढे आला, आणि पिशवी कट्ट्यावर ठेवून त्यानं माझा हात हातात घेतला. या वेळी मी मनगट सोडवून वगैरे काही दाखवलं नाही.

"प्राप्ती," तो म्हणाला. पहिल्यांदाच, मॅडम न म्हणता. "मला तू फार आवडतेस. घरी येशील? आईला भेटायला?"

"येईन. पण तिला सगळं सांगायचं. माझी चूकसुद्धा."

"आधी चूकच सांगणार आहे मी."

खिडकीतून काका मोठ्यानं खोकले. मी हात सोडला नाही.